गाडीचा क्रूझ कंट्रोल : कोणता बदल करावा, कोणता करू नये

पारोळ्याचा धंदा रस्त्यावर चालतो. पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा सुरत-नागपूर महामार्ग पारोळ्यावरून जातो. तरसोद ते फागणे या सुमारे ८७ कि.मी.च्या टप्प्याच्या चौपदरीकरणात एरंडोल आणि पारोळा ही दोन्ही गावे येतात. मालेगावचे कापड, जळगावची बाजारपेठ, धुळ्याचे सुटे भाग, सुरतेची खरेदी या साऱ्यांसाठी व्यापाऱ्याला आठवड्यातून दोन-चार वेळा गाडी काढावीच लागते. रस्ता रुंद आणि सरळ झाला की एका पायाने तासभर ॲक्सिलरेटर धरून बसणे नकोसे वाटू लागते. मग नव्या गाडीतील क्रूझ कंट्रोलचे बटण आठवते. ज्यांच्या गाडीत ते नाही ते गॅरेजवाल्याला विचारतात, "उस्ताद, आपल्या गाडीला हे बसेल का?" ज्यांच्या गाडीत ते आहे त्यांची मागणी निराळी असते. बटण लांब पडते, क्लच दाबला की बंद होते, हळू वेगात लागत नाही, तेव्हा ते जरा सोयीचे करून द्या, असे ते म्हणतात.

या पानाच्या वाचकांत गाड्यांचे मालक आहेत, तसेच मिस्त्री आणि वायरिंगचे कारागीरही आहेत. दोघांनाही उपयोगी पडावे म्हणून या यंत्राची थोडी फोड आम्ही येथे करीत आहोत.

क्रूझ कंट्रोल म्हणजे वेग राखणारे यंत्र. त्यामागची कल्पना आपल्याकडील कोणत्याही जुन्या मिस्त्रीला नवी वाटू नये. विहिरीवरचे किंवा पिठाच्या गिरणीचे ऑईल इंजिन आठवा. त्याला गव्हर्नर असतो. फेरे वाढले की गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जातात आणि तेल कमी होते. जात्यावर भार पडून फेरे घटले की वजने आत येतात आणि तेल वाढते. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला दोन गोळ्यांचा गव्हर्नर लावला, त्याचे तत्त्व हेच होते. क्रूझ कंट्रोल हा गाडीच्या वेगाचा गव्हर्नर होय. फरक एवढाच की तो इंजिनाचे फेरे न पाहता चाकांचा वेग पाहतो. ठरवलेला वेग आणि खरा वेग यांत तफावत दिसली की तो थ्रॉटल थोडा उघडतो किंवा मिटतो.

मोटारीसाठी हे यंत्र ज्याने घडवले तो माणूस स्वतः कधी गाडी चालवू शकला नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील राल्फ टीटर याची दृष्टी वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने गेली. तरीही तो पदवीधर इंजिनिअर झाला आणि पुढे पिस्टन रिंगा बनवणाऱ्या कारखान्याचा अध्यक्षही झाला. त्याचा वकील बोलता बोलता गाडी चालवी, तेव्हा गाडी पुढे-मागे हिसके खाई. डोळे नसल्याने टीटरला प्रत्येक हिसका अंगावर जाणवे. त्यातून त्याने हे यंत्र रचले. त्याचे पेटंट १९५० साली मंजूर झाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते प्रथम विकले गेले. हाताच्या बोटांनी यंत्र ओळखणाऱ्या आपल्या जुन्या कारागिरांना हा माणूस आपल्यातलाच वाटेल.

आता मुख्य मुद्दा. थ्रॉटल धरून ठेवणे हे काही मोठे कसब नाही. ट्रॅक्टरला हाताचा ॲक्सिलरेटर असतोच. त्यावरून सुचून मारुती ८०० सारख्या तारेच्या ॲक्सिलरेटरच्या गाडीला एखादी खटकी, एखादा दांडा किंवा सायकलच्या ब्रेकची तार लावून ॲक्सिलरेटर अडकवून ठेवण्याचा उद्योग कोणी करू शकेल. कृपा करून करू नये. शेतातला ट्रॅक्टर आणि महामार्गावरची मोटार यांत फार फरक आहे. अडकवलेला थ्रॉटल वेग राखत नाही. चढाला गाडी मंदावते आणि उताराला नको तेवढी धावते. पण खरा धोका त्याहून पुढचा आहे. समोर बैलगाडी आडवी आली आणि चालकाने ब्रेक दाबला तर ती खटकी सुटत नाही. एकीकडे ब्रेक गाडीला ओढतो आणि दुसरीकडे इंजिन ढकलत राहते.

क्रूझ कंट्रोलची खरी किंमत धरण्यात नसून सोडण्यात आहे. ब्रेकला पाय नुसता टेकताच त्याने थ्रॉटल सोडलाच पाहिजे. म्हणून सोयीसाठी जो बदल करायचा तो धरण्याच्या बाजूला करावा. सोडण्याच्या बाजूला हात लावू नये. पुढे जे सांगितले आहे ते सारे या एका नियमातून निघते.

बदल करण्यापूर्वी गाडी कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते. जुन्या, तारेच्या ॲक्सिलरेटरच्या गाड्यांसाठी जे किट निघाले त्यांत बहुधा रबरी पडद्याचा एक डबा असे. इंजिनाच्या निर्वाताने, म्हणजे व्हॅक्यूमने, तो पडदा ओढला जाई आणि साखळीने थ्रॉटल खेचला जाई. वेग कळावा म्हणून फिरत्या दांड्याला लोहचुंबक लावत. हे किट पेट्रोल गाडीत चालते. डिझेल इंजिनाच्या हवेच्या नळीत तसा निर्वात तयार होत नाही. तेथे असतो तो ब्रेक बूस्टरसाठी लावलेल्या पंपाचा निर्वात. एखादा हौशी कारागीर त्या नळीला टी जोडून किट चालवू पाहील. ती नळी ब्रेकची आहे. तिच्यातून उसने घेतले आणि कोठे गळती झाली तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. अशा गाडीचे काम परत पाठवण्यात कमीपणा नाही.

अलीकडच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला तार नसतेच. पायाखाली सेन्सर असतो, तो संगणकाला इशारा देतो आणि संगणक मोटरने थ्रॉटल उघडतो. हा सेन्सर एक नाही, दोन इशारे पाठवतो. अनेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण निम्मा असतो. दोहोंचा मेळ बसला नाही की संगणक संशय घेऊन इंजिनाची ताकद कमी करतो आणि चेकचा दिवा लावतो. बाजारात मिळणारी बाहेरची यंत्रे या पेडलच्या प्लगमध्ये बसतात आणि पायाची नक्कल करून तेच दोन इशारे देतात. ज्या यंत्रासोबत त्याच गाडीचा प्लग तयार येतो, कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही, तेच घ्यावे. पेडलच्या वायरी कापून, सोलून आणि पिळून केलेले काम आठ दिवस चालेल. नवव्या दिवशी गाडी महामार्गाच्या मध्यावर ताकद सोडील.

तिसरी जात सर्वांत सोयीची. काही गाड्यांच्या वरच्या मॉडेलात क्रूझ कंट्रोल असतो. खालच्या मॉडेलात संगणक तोच असतो, फक्त स्टिअरिंगवरची बटणे दिलेली नसतात. तेथे कंपनीची बटणे बसवून आणि स्कॅनरने सोय चालू करून काम भागू शकते. मात्र प्रत्येक गाडीत भागतेच असे नाही. आधी स्कॅनर लावून खात्री करावी आणि मगच गिऱ्हाईकाला सुटे भाग आणायला सांगावे. या कामात एअरबॅग आडवी येते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, कंपनीच्या पुस्तकात सांगितली असेल तेवढी वाट पाहून मगच स्टिअरिंगच्या मध्यभागाला हात लावावा. आतल्या गुंडाळीच्या पट्टीचा मध्य चुकला तर स्टिअरिंग पूर्ण वळवताच ती तुटते. मग हॉर्न जातो आणि एअरबॅगही जाते. हे शिकलेले नसेल तर काम कंपनीच्या वर्कशॉपकडे पाठवावे.

आता गिऱ्हाईकाच्या मागण्या. सर्वांत जास्त तक्रार क्लचची येते. "उस्ताद, गिअर बदलला की बंद पडते, तेवढे क्लचचे बटण काढून टाका." उस्तादाने शेठला शांतपणे समजवावे. क्लच दाबला की इंजिनावरचा भार जातो. गाडीचा वेग घसरू लागला की यंत्र थ्रॉटल उघडू पाहते, आणि भार नसलेले इंजिन एकदम किंचाळत लाल रेषेपर्यंत जाते. क्लचचा स्विच हा त्यासाठी आहे. तो टाळता येत नाही.

दुसरी मागणी कमी वेगाची. बहुतेक गाड्यांत ताशी तीस-चाळीस कि.मी.च्या खाली क्रूझ लागत नाही आणि गावातही तो लागावा अशी इच्छा असते. गावात एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला शाळेची मुले आणि मध्ये हातगाडी असते. तेथे पाय पेडलवर हवाच. बनवणाऱ्याने ही मर्यादा विचारानेच घातली आहे.

तिसरी तक्रार मात्र खरी असते आणि तिचे कारण गमतीचे असते. बाहेरचे किट नीट चालत होते, मालकाने मागचे ब्रेकचे बल्ब काढून एलईडी लावले आणि त्या दिवसापासून क्रूझ लागेना. अनेक जुन्या किटची एक वायर ब्रेकच्या दिव्याच्या लाईनला जोडलेली असते. साध्या बल्बच्या तारेतून तिला अर्थिंग मिळते. एलईडीतून ते तसे मिळत नाही. यंत्राला वाटते की ब्रेक दाबलेलाच आहे. मिस्त्री यंत्र खोलतो, बदलतो, गिऱ्हाईकाचे पैसे खर्च होतात आणि दोष मागच्या दिव्यात बसलेला असतो. अशा वेळी आधी साधा बल्ब लावून पाहावा.

सोयीचे जे बदल खुशाल करावेत ते साधेच आहेत. सर्वांत स्वस्त बदल म्हणजे कॅन्सलच्या बटणावर एक उंचवटा. नेलपॉलिशचे दोन-तीन थर दिले की अंगठ्याला न पाहता कळते की हे सोडायचे बटण. रिझ्यूमचे बटण शेजारीच असते आणि चुकून ते दाबले तर आठवणीत ठेवलेल्या वेगाकडे गाडी झेपावते. महामार्गावर नव्वद ठरवून गावात उतरलेल्या माणसाला हे महागात पडू शकते. उंचवटा बटणावरच करावा. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये.

दुसरा बदल दिव्याचा. बाहेरच्या यंत्राचा दिवा पुष्कळदा बारीक आणि भलत्या जागी असतो. तो स्पीडोमीटरच्या काठाशी, नजरेच्या ओळीत आणावा. रात्री डोळ्यांवर येऊ नये म्हणून पुढे पातळ रंगीत फिल्म लावावी. यंत्र चालू आहे की फक्त तयार आहे, हे चालकाला एका नजरेत कळले पाहिजे. यंत्राचा दांडा स्टिअरिंगखाली बसवताना चालकाला सीटवर बसवून त्याचा गुडघा, किल्ली आणि हाताची पोच पाहूनच भोक पाडावे. उंच माणसाची गाडी बुटक्या मिस्त्रीने आपल्या मापाने बेतली की रोज गुडघा लागतो.

संधिवाताने किंवा जुन्या मारामुळे ज्यांचा अंगठा नीट वळत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट करता येते. अनेक गाड्यांत स्टिअरिंगवरची सारी बटणे एकाच वायरवर चालतात. प्रत्येक बटणामागे निराळा रेझिस्टन्स असतो आणि कोणते बटण दाबले ते संगणक त्या आकड्यावरून ओळखतो. तोच रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून, त्याच मापाचा लावून, एक मोठे बटण हाताला सोयीच्या जागी समांतर जोडता येते. येथेही आपला नियम पाळावा. मूळ कॅन्सल बटण आहे तेथेच आणि आहे तसेच राहू द्यावे.

वायरिंगविषयी थोडे. खानदेशचा उन्हाळा आपण जाणतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. काळ्या चिकटपट्टीचा गोंद अशा उष्णतेत वितळून सुटतो, वर धूळ बसते आणि उघडी वायर पेडलच्या कोपऱ्यात लोंबू लागते. म्हणून जोड क्रिंप करून किंवा झाळून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा. फ्यूज यंत्रासोबत सांगितलेल्या मापाचाच घालावा, मोठा नाही. आणि वायर पेडलच्या दांड्यापासून लांब, क्लिपांनी बांधूनच न्यावी. ब्रेकचा स्विच जुना, सैल किंवा अडकणारा असेल तर नवीन घातल्याशिवाय कामच घेऊ नये. पुष्कळ गाड्यांत त्यात दोन संपर्क असतात, एक मागच्या दिव्यासाठी आणि दुसरा संगणकासाठी. दिवा लागला म्हणजे दुसराही ठीक आहे असे समजू नये. इंजिन बंद असताना मल्टिमीटर लावून, पेडल थोडेसेच दाबल्यावर दुसरा संपर्क बदलतो का, ते पाहावे.

त्यानंतर रस्त्यावरची परीक्षा. पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, दोघांनी जावे. ताशी पन्नासवर क्रूझ लावावा आणि चारही सुटका वेगवेगळ्या तपासाव्यात : ब्रेकला हलका स्पर्श, क्लचला हलका स्पर्श, कॅन्सलचे बटण आणि मुख्य स्विच. प्रत्येक किमान दहा वेळा. दहातून एकदा जरी यंत्राने सोडायला उशीर केला तरी ते काढून टाकावे. मालक नाराज होईल, मजुरी बुडेल, पण पुढच्या आठवड्यात त्या गाडीत त्याचे घरचे लोक बसणार आहेत.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील बनवणाऱ्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमात न बसणाऱ्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. क्रूझ कंट्रोलचा उल्लेख नोंदणी पुस्तकात नसतो, म्हणून कंपनीचे बटण बसवणे आणि इंजिन बदलणे एका मापाने मोजले जाणार नाही. तरीही बाहेरचे यंत्र बसवण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. कंपनीबाहेरून बसवलेली विजेची उपकरणे विमापत्रात वेगळी नोंदवता येतात. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस पडला तर दाव्यात वाद उभा राहतो. नव्या गाडीच्या वॉरंटीचाही प्रश्न असतोच.

कारागिराने आपल्यापुरते एवढे करावे की पक्के बिल द्यावे. कोणते यंत्र, कोणता नंबर, कोणत्या तारखेला, किती कि.मी. झालेले असताना बसवले आणि चारही सुटका तपासल्या, हे त्यावर लिहावे आणि मालकाची सही घ्यावी. तोंडी कामाची जबाबदारी उद्या सिद्ध करता येत नाही आणि झटकताही येत नाही. मालवाहू गाडीचा कोणी वेगनियंत्रक काढून मागत असेल तर साफ नकार द्यावा. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या बहुतेक व्यापारी वाहतुकीच्या गाड्यांना ताशी ८० कि.मी.चा वेगनियंत्रक सक्तीचा आहे. क्रूझ कंट्रोल ही चालकाची सोय, वेगनियंत्रक ही कायद्याची अट. दोघांची गल्लत अनेक जण करतात.

यंत्र बसले, आता ते वापरावे कोठे? चौपदरी रस्त्यावर मोटारीसाठी केंद्राने २०१८ साली ताशी १०० कि.मी.ची कमाल मर्यादा दिली, पण राज्याला ती कमी करता येते, म्हणून फलक पाहावा. पारोळा ते जळगाव हे अंतर पन्नास-पंचावन्न कि.मी. ऐंशीने गेलो तर चाळीसेक मिनिटे आणि शंभरने गेलो तर तेहतीस. सात-आठ मिनिटांसाठी शंभर लावण्यात आम्हाला तरी व्यवहार दिसत नाही. ताशी ऐंशीला गाडी सेकंदाला बावीस मीटर धावते. क्रूझ लावून पाय आखडून बसलेल्या चालकाला ब्रेकवर यायला अर्धा सेकंद जास्त लागला तरी अकरा मीटर गेले. म्हणून क्रूझ चालू असताना पाय ब्रेकजवळ, जमिनीवर टेकलेला असावा. मांडी घालून बसण्याची ही सोय नव्हे.

कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या, विनादिव्याच्या बैलगाड्या आणि दुभाजकातून उलटे येणारे दुचाकीस्वार असतात. तेव्हा संध्याकाळी पाचनंतर यंत्र बंदच ठेवलेले बरे. पावसात तर लावूच नये. पाण्यावर चाक घसरले की यंत्राचा हिशेब चुकतो आणि ते नको तेव्हा थ्रॉटल देऊ शकते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना-उतरताना तेच. घाटात यंत्र चढाला तेल ओतत राहते, म्हणजे बचतही होत नाही.

हल्ली काही गाड्यांत रडार किंवा कॅमेऱ्याने पुढच्या गाडीचे अंतर पाहून स्वतः वेग कमी करणारा क्रूझ येतो. त्याच्या मालकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. रस्त्यात उभी असलेली किंवा अगदी हळू चालणारी वस्तू ही यंत्रे ओळखतीलच याची हमी बनवणारेही देत नाहीत. आणि बंपरपुढे बसवलेला लोखंडी गार्ड रडारच्या आड येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने असे गार्ड कलम ५२ च्या विरुद्ध ठरवून त्यांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते, ते निराळेच. पुढची काच बदलली तर काचेमागच्या कॅमेऱ्याचे माप पुन्हा जुळवावे लागते आणि त्यासाठी कंपनीची साधने लागतात. काचेचे काम घेणाऱ्याने हा खर्च मालकाला काच काढण्यापूर्वीच सांगावा.